पोटल्या मी आणल्या होत्या
ओट्यावर पालथा ग्लास दिसला की सुरतच्या उधन्यातली मावशी आठवते. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तिची खोली हाच आम्हा लूम कामगारांचा बार. दोन ग्लास झाले की ती आपल्या हाताने ग्लास पालथा घालायची, “बस व्हयनं, भाऊ. आते घर जा.” लॉकडाऊननंतर तिच्याकडे कोणी बसेना, फोन केला की दुसऱ्या विक्रेत्यांकडून दारूची प्लास्टिकची पोटली दारात यायची. शेजारच्या मित्राला अशा पोटल्या मीच त्यांच्याकडून आणून द्यायचो. खोलीत एकटाच पिऊन पिऊन तो वारला. गल्लीने मावशीच्या दारूवर खापर फोडून तिला हाकलले. जाताना ती मला म्हणाली, “तू तरी सांग ना, भाऊ.” मी खाली बघून चप्पल शोधत राहिलो. आज घरात सगळे खरे सांगितले, तर मुलगा म्हणाला, “छोडो ना पप्पा, कोण मावशी?”