फायबरच्या टपावरची अँटेना

ती घटना मी आजही विसरू शकलेलो नाही. ज्या तपासांबद्दल मला शाबासकी मिळाली, त्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हा तपास आकड्यांसकट लक्षात आहे, कारण त्यातली चूक माझी होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. खबऱ्याने सांगितलं की चोरट्या खैराच्या लाकडाने भरलेला ट्रक सकाळी नऊच्या सुमारास पेठकडून नाशिककडे निघणार आहे. मी घाटातल्या एका वळणावर ठाण्याची जीप झाडीत उभी करायला लावली. तिथून कंट्रोल रूम चौतीस किलोमीटर. जीपमध्ये वायरलेसवर एक शिपाई होता. चालक रस्त्याकडेला उभा राहून नजर ठेवणार होता. ट्रक दिसताच शिपायाने कंट्रोलला कळवायचं, कंट्रोलने नाक्यावरच्या फोनवर मला. मी नऊ माणसं घेऊन खाली नाक्यावर थांबलो.

साडेअकरापर्यंत निरोप आला नाही. जीप परत आली तेव्हा कळलं की ट्रक नऊ वाजून दहा मिनिटांनी वळणावरून गेला, पुढे आडरस्त्याला लागला आणि निसटला.

शिपाई म्हणाला, निरोप तीनदा दिला, पलीकडून उत्तर आलं नाही. कंट्रोलच्या नोंदवहीत त्या वेळेची एकही नोंद नव्हती. चालक दूर उभा असल्याने त्याने काही ऐकलं नव्हतं. मी जीप ठाण्याच्या आवारात घेऊन सेट तपासला, कंट्रोलने लगेच आवाज स्पष्ट असल्याचं सांगितलं. त्याच दुपारी समजलं की शिपायाचा मेहुणा लाकडाच्या वखारीत कामाला आहे. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं.

तीन दिवस मी त्याची चौकशी केली. हात लावला नाही, पण माझ्यासमोर तासन्‌तास उभं ठेवलं. एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला, कारण खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो. तो अडखळला नाही. त्याचा मी उलटा अर्थ लावला, की पाठ करून आला आहे. ठाण्यातले हवालदार त्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, “मेहुण्याचा खिसा गरम, म्हणून याची जीभ थंड.” कोणी हसलं तर मी थांबवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “साहेब, मला त्याच वळणावर न्या. तिथूनच बोलून दाखवतो. तुम्ही बाजूला उभे रहा.”

मी म्हणालो, “सेट चालतो हे मी पाहिलंय. मला घाट दाखवू नकोस.”

माझ्या अहवालावरून तो निलंबित झाला. पोलीस लाईनीत त्याच्या बायकोशी शेजारणी बोलेनाशा झाल्या. महिन्याभरात खोली सोडून कुटुंब गावी गेलं. हवालदारपदाच्या यादीत त्याचा क्रमांक जवळ आला होता, ती यादी त्याच्याशिवाय निघाली.

सात महिन्यांनी वार्षिक तपासणीसाठी मी जीपचं लॉगबुक आणि कंट्रोलच्या नोंदी शेजारी ठेवून जुळवत होतो. आकडे जुळवणं माझ्या आवडीचं काम. पावसाळ्याआधी जीपवर कापडी हूड होतं, तेव्हा पेठच्या बाजूने केलेले संदेश व्यवस्थित नोंदलेले होते. नंतर, ट्रकच्या प्रकरणाआधी, मी जीपला फायबरचा टप बसवून घेतला. त्यानंतर दहा-बारा किलोमीटरपलीकडच्या तेरा फेऱ्या झाल्या आणि संदेश एकही नाही. प्रत्येकाने डोंगराला दोष दिला होता आणि गावातल्या फोनवरून काम भागवलं होतं.

मग मला आमच्या वायरलेस मेकॅनिकचं बोलणं आठवलं. टप बसला त्या दिवशी मडगार्डवरची अँटेना टपावर लावा, असं मीच सांगितलं होतं. चार फूट उंच गेली की लांब पोचेल, हा माझा हिशेब. तो म्हणाला, “साहेब, ही काडी एकटी बोलत नाही, तिला खाली पत्रा लागतो. फायबरला काय कळतंय? आतून तीन बाय तीनचा पत्रा टाकू, केबलच्या आतली तारेची जाळी त्याला कसू. नाहीतर मडगार्डवरच बरी आहे.” पत्र्यासाठी नवं रेक्झिनचं अस्तर काढावं लागणार होतं. मी म्हटलं, अस्तर फाडू नका, पत्रा खडखडेल, नंतर बघू. कंट्रोल ठाण्यापासून जवळच, त्यामुळे आवारात सेट बोलला, तेव्हा वर त्यालाच ऐकवलं, “बघा, चालतंय ना?”

दुसऱ्याच दिवशी मी मेकॅनिकला घेऊन त्या वळणावर गेलो. तीनदा बोललो. उत्तर नाही. त्याने अस्तर उसवलं, जस्ताचा पत्रा आतून टपाला लावला, अँटेनेचा नट आणि केबलची जाळी त्यावर घट्ट कसली. पाऊण तास लागला. पुन्हा बोललो आणि कंट्रोलने पहिल्याच हाकेला ओ दिली. मेकॅनिक हत्यारं गोळा करायला लागला.

मी वरिष्ठांना सगळं लेखी कळवलं, स्वतःच्या सूचनेसह. मला ताकीद मिळाली. शिपाई कामावर परतला, निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरला गेला. तो रुजू होण्याआधीच मी त्याच्या गावी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला. “तुम्ही आलात, बरं वाटलं साहेब,” एवढंच म्हणाला.

वळणावर जाऊन-येऊन आणि पाऊण तास तिथे, असं धरलं तरी अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. आरोप असलेला माणूस स्वतःच तपासाचा मार्ग सांगत असेल, तर आधी तो तपासावा, हे मी नंतर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितलं. मेहुण्याची माहिती काढायला मी दोन माणसं पाठवली होती. वळणावर मात्र एकालाही पाठवलं नाही.

पुढे माझी बदली होईपर्यंत तो शिपाई वायरलेसवर असे. माईक उचलण्याआधी तो शेजारच्या कोणाला तरी हाक मारायचा, “जरा इकडे ये, मी काय बोलतोय ते ऐक.” साक्षीदार आल्याशिवाय तो बोलायचा नाही. ती सवय त्याला मी लावली होती, आणि मोडणं मला जमलं नाही.