आईसाहेबांचा दसरा

नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोच्या बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की पेशंट सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, दिवसाची ड्यूटी आहे, वसई पश्चिमेला. त्या राणी आहेत हे काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सवयीने "काय आजी, झोप लागली का?" असं विचारलं. नातसुनेने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "त्यांना आईसाहेब म्हणा हं." एका लहानशा डोंगरी संस्थानाच्या त्या राणी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेल्या, चार-पाच वर्षं राणीपण केलं, मग संस्थान विलीन झालं. राजेसाहेब जाऊनही खूप वर्षं लोटली होती. आता त्या नातवाकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या.

मनवेलपाड्याला घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो सातिवलीच्या एका कारखान्यात दिवसभर उभा राहून पॅकिंग करतो. म्हणाला, "मजा होती म्हातारीची! जन्मात कधी हंडा उचलला नसेल."

मलाही तसंच वाटत होतं. पण आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की या बाई काही मागतच नाहीत. ओठ सुकलेले असायचे, पण पाणी दे म्हणून सांगायच्या नाहीत. शेवटी मीच विचारलं, तर हसल्या. म्हणाल्या, "मागायची वेळच कधी आली नाही गं. मनात यायच्या आधी समोर यायचं. आता येत नाही, आणि तोंडही उघडत नाही." त्यानंतर मी घड्याळ बघून दर तासाला पाणी द्यायला लागले.

एकदा दुपारी पायाचा व्यायाम करून घेताना मी त्यांना सरळच विचारलं, "आईसाहेब, खरं सांगा, राणी असणं म्हणजे सुख की नुसतं ओझं?"

"ओझं म्हणू नकोस. लाज वाटते मला. आमच्याकडच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन घाट चढायच्या. ओझं त्यांचं."

मला वाटलं, विषय संपला. पण त्या बोलायला लागल्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला सकाळीच माहेरून तार आली होती, आईचं काही खरं नाही म्हणून. त्या दिवशी पाड्यापाड्यांतून बायका राणीची ओटी भरायला यायच्या. दोन-दोन दिवस चालत यायच्या. ओटीत मूठभर तांदूळ घालायच्या, कुणी रानातलं एखादं फूल. राणीने जागेवरून उठायचं नाही, अशी रीत.

"मी तार कमरेला खोचली आणि बसले," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीकडे बघून हसले. कुणी मला अडवलं नव्हतं हं. राजेसाहेब म्हणाले होते, जायचं तर जा. मीच म्हटलं, इतक्या लांबून आल्यात, त्यांना रिकामं पाठवायचं कसं? पोचले तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते."

त्यांनी माझा हात थोपटला. "पण बघ, मी काय केलं होतं त्यांच्यासाठी? नुसती लग्न होऊन आले होते. तरी त्या मला बघायला चालत यायच्या. हे भाग्य नाही तर काय?"

पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीला ताप आला. दहावीला होती. नातू आणि नातसून लग्नाला पुण्याला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी जावेचा फोन आला. "ताई, पोरीच्या पेशी खूप उतरल्यात. डॉक्टर दाखल करा म्हणतात. ती सारखी तुमचं नाव घेतेय."

मी ब्यूरोला फोन केला. संध्याकाळपर्यंत बदली मिळणार नव्हती. मी जावेला म्हटलं, "तू दाखल कर. मी पेशंटला एकटं टाकून कशी येऊ? ड्यूटी आहे."

आत गेले तर आईसाहेब माझ्याचकडे बघत होत्या. "कोण आजारी आहे?"

"काही नाही. थोडा ताप आहे मुलीला."

"खोटं बोलू नकोस. जा तिच्याकडे."

"तुम्हाला एकटं सोडून?"

"खालच्या बाईंचा नंबर लावून दे. मी बोलते."

खालच्या मजल्यावर एक वसईकर ख्रिस्ती मावशी राहायच्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या, तेवढीच ओळख. मी नंबर लावून फोन कानाशी धरला. आईसाहेब म्हणाल्या, "मी वरून बोलतेय. मला तुमची गरज आहे. याल का जरा?" त्यांचा आवाज थरथरत होता.

मावशी ओल्या हातानेच वर आल्या. सगळं ऐकून मला म्हणाल्या, "जा बाय तू. मी हाय. पानी, गोळ्या, काय ता सांगून जा फक्त."

मी औषधांच्या वेळा लिहून दिल्या आणि चप्पल घालताना पुन्हा आत डोकावले. आईसाहेब करड्या आवाजात म्हणाल्या, "अजून इथेच?" रिक्षात बसल्यावर मला रडू आलं.

मुलगी पाच दिवस दवाखान्यात होती. शुद्ध होती-नव्हती अशा त्या पहिल्या संध्याकाळी तिने माझं बोट धरलं ते सोडलंच नाही. सहाव्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा नातसून जरा नाराज होती, ब्यूरोला कळवणारही होती. आईसाहेबांनी तिला एवढंच सांगितलं, "तिला मी पाठवलं." तो विषय तिथेच मिटला. मावशी मात्र रोज दुपारी यायला लागल्या होत्या. बशीत तळलेल्या गोल-गोल फुग्या आणायच्या आणि दोघी पलंगावर बसून त्या खायच्या.

पुढे दोन वर्षांनी आईसाहेब गेल्या. तेराव्याला मी गेले, तर त्यांच्या जुन्या मुलखातून एसटी बदलत-बदलत आलेल्या सात-आठ बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाचाच जन्म संस्थान असताना झालेला नसावा. एकीने मला विचारलं, "तुम्ही कोन त्यांच्या?"

मी म्हटलं, "नर्स होते. माझ्या मुलीच्या दुखण्यात त्यांनी मला तिच्याकडे पाठवलं होतं."

ती सरकली आणि तिने मला शेजारी जागा करून दिली.