अंगणातलं लाल लुगडं

मंडळी, हैदराबादहून मुंबईला विमानाने दीड तास लागतो आणि विमानतळावरून आमच्या मुरबाडच्या गावाला यायला तीन. विमान मात्र आमच्या डोक्यावरूनच उतरत जातं. म्हणून भाऊ यायचा असला की आई अंगणात तिचं लाल लुगडं पसरायची. घरी आल्यावर तो म्हणायचा, "दिसलं गो आये."

काल आई गेली. भावाला तिकीट आजचं मिळालं.

आल्यावर मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "ताय, मला कधीच काय दिसलं नाय. तिला बरं वाटावं म्हणून बोलायचो. आज दिसलं. तू पसरलंस ना?"

मी हो म्हणाले.

तेच लुगडं काल आम्ही आईला नेसवलं होतं. तिच्यासोबतच जळालं.

सांगू का त्याला?