कानात शिरलेली भजी

"तुम्ही ओरडत होतात म्हशी, म्हशी! आणि मला ऐकू काय येत होतं? कांदा बारीक चिरून घ्या!"

विमानातून उतरताना कॅप्टन बाई एवढ्या कडाडल्या, की पार नेवाशापर्यंतच्या म्हशींनी त्या दिवशी दूध चोरलं असणार. पण त्यांचं खरं होतं. उतरायच्या ऐन वेळी खालून आमचा माणूस सांगत होता, "धावपट्टीवर म्हशी आल्यात, वर जा." बाईंच्या कानात मात्र उसाच्या शेतापलीकडचं रेडिओ केंद्र भजी तळत होतं. म्हशी डोळ्यांना दिसल्या म्हणून निभावलं.

"संध्याकाळपर्यंत हा रेडिओ गप्प करा," बाई मला म्हणाल्या. "नाहीतर विमान पुण्याला आणि तुम्ही घरी."

त्या दोन माणसांच्या विमानाच्या रेडिओचा वैद्य मी. माझं डोकं असं तापलं, की भजी तिथंच तळून निघाली असती. आधी त्या रेडिओ केंद्राच्या मनोऱ्याचा बाप काढला. मग हेडफोन बदलला, वायर बदलली, रेडिओचा डबाच बदलला. तरी रेडिओतली बाई आपली सांगतेय, चिमूटभर ओवा घाला!

मनोरा तर कित्येक वर्षांचा. मग हे आत्ताच का? दात-ओठ खात विमानाच्या टपावर चढलो आणि अँटेना उचकटली. अँटेना बसते तिथला पत्रा उघडा लागतो. मध्ये रंग आला, की अर्थिंग तुटतं आणि शेजारचं केंद्र न विचारता घरात घुसतं. खाली पाहतो तर पांढराशुभ्र, आरशासारखा रंग!

"ओ मिस्त्री!" आमच्या रंगाऱ्याला मी अशी हाक मारली, की उसातली डुकरं पळाली असतील. "हा रंग कुणी दिला?"

"मीच. खंडेनवमीच्या पूजेला चकाचक दिसावं म्हनून."

"माझी नोकरी घालवत होता की तुम्ही!" मी पॉलिश पेपर घेऊन ताडताड घासायला लागलो. तेवढ्यात रंगात रुतलेला कुंकवाचा लालभडक अंगठा दिसला. झालं, मला जोरच चढला. "आणि हा अंगठा? ऐन अँटेनाच्या जागी, ओल्या रंगात बोट दाबणारा तो बैल कोण, दाखवा मला!"

मिस्त्रींनी वाकून पाहिलं.

"तुमचाच हाय, सायेब. पूजेला कुकू लावताना रंग वल्ला हाय म्हनलं हुतं मी. मग अँटेना बी तुमीच बसवली."