कामणच्या माळावरचा मधला किल्ला

फ्रेडरिक रुमाव हे वसईचे सुतार. दारं, खिडक्या, लग्नाचे मांडव, नाताळच्या देखाव्याचे गोठे असली कामं करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. १९९८ च्या जानेवारीत त्यांना तीन किल्ले बांधायचं काम मिळालं.

टीव्हीवर येणाऱ्या एका मालिकेसाठी वसईजवळ कामणला गोदामांच्या मागचा माळ भाड्यानं घेतला होता. गोष्ट चंद्रावर्त नावाच्या काल्पनिक राज्याची. त्या राज्याच्या उत्तर सीमेवर तीन किल्ले आणि पलीकडे वृक नावाच्या लुटारू टोळ्या. घोड्यावरून यायचं, गावं जाळायची, धान्य आणि माणसं पळवायची, हा वृकांचा धंदा. मी कपडेपटात होते. शिपायांची चिलखतं आणि वृकांची केसाळ कातडी आम्ही तिघी बायका विरारहून येऊन शिवायचो.

फ्रेडरिक मिस्त्री माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. अंगानं किरकोळ, आणि बोलणं इतकं हळू की पुढे झुकून ऐकावं लागायचं. त्यांना एकच प्रश्न सारखा पडलेला असायचा, तो म्हणजे वर किती माणसं चढणार. मधल्या किल्ल्याच्या तटावर लढाई होणार होती. व्यवस्थापक दिनानाथ यांनी बारा शिपाई सांगितले होते. मिस्त्रींनी बारांच्या हिशेबानं चौदा फूट उंच खांब रोवले, त्यांच्यामध्ये तिरके टेकू ठोकले, वर फळ्या टाकल्या आणि पुढून प्लायवूड, गोणपाट आणि प्लास्टरचा दगडी तट उभा केला. समोरून बघितलं तर शंभर तोफा पचवेल असा. मागून बघितलं की नुसते खांब आणि टेकू दिसायचे.

मिस्त्री एवढे का घाबरतात, ते मला त्यांच्या बायकोनं, हेलननं, सांगितलं. एकदा ती माळावर डबा घेऊन आली होती. मिस्त्री बावीस वर्षांचे असताना त्यांनी गावच्या सणाला नाटकाचा मंच बांधला होता. ठरल्यापेक्षा जास्त पोरं वर चढली आणि मंच बसला. त्यांच्या थोरल्या भावाचा गुडघा कायमचा ताठ झाला. भाऊ त्यावरून कधी एक शब्द बोलला नाही. हेलन म्हणाली, तो बोलला असता तर बरं झालं असतं.

लढाईच्या दिवशी सकाळी मी शिपायांना चिलखतं चढवत होते. बारा झाले, वीस झाले, तरी रांग संपेना. दिग्दर्शकाला तट भरलेला हवा होता म्हणून आदल्या दिवशी चाळीस माणसं बोलावली होती. मिस्त्रींना कोणी कळवलंच नव्हतं. ते तटाखाली गेले आणि लगेच बाहेर आले. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ टाकायला कोणीतरी मधले चार टेकू काढले होते. काढलेली लाकडं बाजूला नीट रचून ठेवलेली होती.

मिस्त्री दिनानाथांकडे गेले. मी दहा पावलांवर होते. दिनानाथांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ बघितलं. घोडे दुपारपर्यंतच होते. ते म्हणाले की एवढ्या जाड खांबांना काही होत नाही, आणि चढण्याचा इशारा करून टाकला. पहिली सात-आठ माणसं शिडीनं वर गेली.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. हत्यारांची पेटी उचलली, तटाखाली बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले.

"मिस्त्री, बाहेर या. तमाशा नको," दिनानाथ म्हणाले.

"पडणार नाही म्हणता ना? मग मी इथं बसलो तर काय बिघडतं?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिथंच बसून राहिले. आपण काहीतरी बोलायला हवं, हे मला कळत होतं. मी एका चिलखताचा बंद उगाच सोडून परत बांधत राहिले. नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात होतं.

शिडीवर मधू नावाचे एक वयस्क गृहस्थ होते, विरारचेच. त्यांनी शिरस्त्राण काढलं, सावकाश खाली उतरले आणि मिस्त्रींच्या शेजारी जमिनीवर बसले. मग वरचेही एकेक करून उतरले. वृक घोड्यांवर घाम पुसत बघत राहिले.

शेवटी दिग्दर्शक स्वतः आला. तटाखाली वाकून त्यानं रिकाम्या जागा पाहिल्या. मग टेकू परत ठोकायला सांगितलं. साडेतीन तास गेले, घोडे जादा भाडं देऊन थांबवावे लागले. आणखी काही जादा टेकू ठोकले, तरी मिस्त्रींनी अठराच्या वर एक माणूस चढू दिला नाही. वृक चालून आले तेव्हा मिस्त्री मागच्या खांबाला तळवा लावून उभे होते. मध्येच कडेची एक फळी कडाडली. वरचे शिपाई तलवारी धरून जागच्या जागी थिजले. मिस्त्रींनी डोळे मिटले. फळीला चीर गेली होती, पण ती खांबावर टेकून राहिली. कोणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी दिनानाथांनी मिस्त्रींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिसरा किल्ला दुसऱ्यांनी बांधला, नुसता दर्शनी.

तो भाग मे महिन्यात दाखवला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. अठरा माणसं पडद्यावर दोनशे वाटत होती. लढाई सुरू झाली तसे मिस्त्री उठून बाहेर बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं, की खरंच सगळे चढले असते तर?

"खाली बसायची भीती वाटतच होती," ते म्हणाले. "पण बाजूला उभं राहून वर बघायची जास्त वाटत होती."

त्या दिवशी मी गप्प राहिले होते, हे मला त्यांना सांगायचं होतं. सांगता आलं नाही. आतून हेलननं लढाई संपल्याचं सांगितलं. तरीही ते आणखी थोडा वेळ पाण्याकडे बघत तिथंच उभे राहिले.