राखणदाराचं सरबत

थायलंडमध्ये मी एका देवाचं सरबत प्यायलो आणि नाव सासूबाईंचं झालं. या गोष्टीला तीन वर्षं झाली. तीन वर्षं मी काही बोललो नाही. (तसा मी कशावरच फारसा बोलत नाही. आमच्या लग्नात हिच्या मावशीनं 'मुलगा बोलतो ना?' असं हळूच विचारून घेतलं होतं.)

सहलीची कल्पना आमच्या मुलीची, मुक्ताची. ती खराडीला आयटीत आहे. मोठ्या बसमधून परदेशात जायचं आणि तिथं बसून उपमा खायचा, हे तिला मान्य नव्हतं. छोटा ग्रुप, आठच माणसं, आणि तिथलं कल्चर एक्सप्लोअर करायचं! आठांतले चार आम्हीच होतो : मी, ही, मुक्ता आणि सासूबाई. उरलेली दोन जोडपी सभ्य होती, त्यामुळे या हकिगतीत ती फक्त बघायला आहेत. सासूबाई तेव्हा शहात्तरच्या. निवृत्त शिक्षिका. शाळेमागच्या पेरूला न विचारता हात लावणाऱ्या मुलांना त्यांनी तीस वर्षं अंगठे धरून उभं केलं होतं.

चिआंग मायला आम्ही एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो. मालकीणबाई सत्तरीच्या. सगळे त्यांना 'पा' म्हणायचे, म्हणजे मावशी. अंगणाच्या कोपऱ्यात एका खांबावर इटुकलं कौलारू घर होतं, आपल्या तुळशीवृंदावनाएवढं. पा रोज सकाळी तिथं उदबत्ती लावायची, झेंडूचा हार घालायची आणि लाल सरबताची बाटली उघडून, आत स्ट्रॉ घालून ठेवायची. आमची गाइड नोई, तिनं सांगितलं की हे त्या जागेच्या राखणदाराचं घर. आपण त्याच्या जमिनीवर घर बांधतो, तर त्यालाही एक बांधून द्यायचं.

"म्हणजे आपला वेशीवरचा म्हसोबा," सासूबाई म्हणाल्या. मग बाटलीकडे बघत, "त्याला स्ट्रॉ लागत नाही, एवढंच."

त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी मालकीणबाईंच्या शेजारी हात जोडून उभ्या राहू लागल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, तरी नंतर अर्धा तास गप्पा चालायच्या. विषय गुडघे असावा, कारण दोघी मधूनमधून आपापला दाबून दाखवत.

आता माझी बाजू. मला शुगर आहे आणि हिचा माझ्यावर पहारा आहे. सगळी मंडळी नारळाच्या दुधातला गोड भात आणि आंबा खात होती, तेव्हा माझ्यापुढे काकडी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे तिकडचा स्वयंपाक शिकायला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिलो. (खरंच दुखत होतं. काकडीनं.) सासूबाईही गुडघ्यामुळे थांबल्या होत्या. त्यांना मी लाल गराचं ड्रॅगनफ्रूट कापून दिलं, त्या खाऊन आडव्या झाल्या आणि मी अंगणात आलो.

उदबत्ती केव्हाच विझली होती. बाटली मात्र भरलेली.

आमच्या घरी नैवेद्य देवापुढे फार तर पाच मिनिटं टिकतो. पाणी फिरवलं, डोळे मिटले, डोळे उघडले, की झाला प्रसाद! इथं तर सकाळपासून ठेवलेलं. म्हणजे देवाचं पिऊन झालेलं होतं आणि हा नुसता प्रसाद उरला होता. आणि प्रसादानं शुगर वाढत नाही, हे पुण्यातल्या कुठल्याही मधुमेहवाल्याला विचारा. मी चपला काढल्या, नमस्कार केला आणि उभ्याउभ्या अख्खी बाटली ओढली. स्ट्रॉ होता तसा परत ठेवला. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी पा बाटली आवरायला आली आणि तिथंच थबकली. नोईनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. पा रागावलेली नाही, ती म्हणाली. आधी राखणदाराची परवानगी मागून बाटली खाली घेतली असती तर काहीच नव्हतं. पण न विचारता घेतलं की तो रुसतो आणि घेणाऱ्याला बाधतं. ज्यानं कोणी प्यायलं असेल त्यानं नवी बाटली ठेवून क्षमा मागावी, झालं. त्या बिचारीला काळजी त्या माणसाची लागली होती!

मी सांगणारच होतो. पण सांगायची तयारी करायला मला वेळ लागतो आणि तेवढ्यात मुक्तानं तपास सुरू केला. दुपारी घरात कोण होतं, सरबताचा रंग कोणता. मग म्हणाली, "आजी, जीभ दाखव."

जीभ लालभडक निघाली. तपास संपला. माझ्यापर्यंत तो आलाच नाही. (माझी त्याहून लाल होती. त्या संध्याकाळी मी ओठ उघडले नाहीत आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.)

सासूबाई शांतपणे म्हणाल्या की मी फळ खाल्लंय, यांनीच कापून दिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान अशी काही हलवली, की 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही.

"न केलेल्याची माफी मी मागत नसते," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचं पाकडे लक्ष गेलं. ती नवी बाटली हातात धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. सासूबाईंचा आवाज उतरला. "हिला झोप लागायची नाही आज. आणा ती बाटली."

कित्येक वर्षांत जमिनीवर न बसलेली ती बाई सगळ्यांदेखत चटईवर गुडघे टेकून बसली. हात जोडून म्हणाली, "बाबा, ज्यानं प्यायलं त्याला बुद्धी दे. पोट मात्र सांभाळ त्याचं." मग पा पुढे झाली आणि तिनं सासूबाईंच्या मनगटाला रक्षेचा पांढरा दोरा बांधला. त्यांना उठवायला एका बाजूनं पा होती, दुसऱ्या बाजूनं मी. हो, मीच!

पुढे ती घरातली गंमत झाली. आजी आली, सरबत लपवा. त्याही हसायच्या. पण हळूहळू त्यांनी लोकांकडे सरबत घेणं सोडलं. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा मुक्ताचा साखरपुडा झाला, मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. तिनं सासरच्या मंडळींना ही गोष्ट रंगवून सांगितली. हॉल हसला. विहीणबाईंनी हसत हसत कोकम सरबताचा ग्लास सासूबाईंपुढे केला. त्यांनी तो परत ट्रेमध्ये ठेवला. म्हणाल्या, मला चालत नाही.

चालतं त्यांना. शुगर मला आहे.

मी उभा राहिलो. "ते मी प्यायलो होतो."

मग मुक्ता येऊन गळ्यातच पडली. "बाबा, आजीसाठी एवढं? अहो, आम्ही गंमत करत होतो." हिनं डोळ्यांना पदर लावला. यांना भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागायचा धीर होत नाही, हे कसले सरबत चोरतात, असं ती विहीणबाईंना सांगू लागली. विहीणबाई म्हणाल्या, असा जावई मिळायला नशीब लागतं. मी चपला, नमस्कार, स्ट्रॉ, सगळं क्रमानं सांगितलं. जितकं सांगितलं तितका मी थोर होत गेलो! शेवटी व्याह्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

सासूबाईंनी मला बाही धरून खाली बसवलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"घरात दोघंच होतो. मी प्यायले नव्हते. वजाबाकी मी तीस वर्षं शिकवली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." त्यांनी पदर सारखा केला. "आता कोणी ऐकायचं नाही. तीन वर्षं चोर म्हणून मी काढली. पुढची साधू म्हणून तुम्ही काढा."

जेवताना हिनं भरल्या डोळ्यांनी, स्वतःच्या हातानं, माझ्या पानात बासुंदीची वाटी ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एवढं पाप पोटात असताना ती घशाखाली उतरणार नाही, असं मला वाटलं होतं.

उतरली. दुसरी वाटी मी मागून घेतली.