लाल धाग्याची पुस्तकं

“तारण हवंय ते कळलं. पण कशातून?”

मी दारात चपला काढत होते, तेव्हा हे ऐकलं. टेबलामागे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. समोर हेल्मेट हातात धरून एक तरुण उभा होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याला तारणावरचं एखादं चांगलं पुस्तक हवं होतं.

“म्हणजे... जनरल,” तो म्हणाला.

“जनरल तारण नसतं. बुडणाऱ्याला पाण्यातून काढतात, आगीत सापडलेल्याला आगीतून. आपण कशात आहात?”

तो हसला. मग म्हणाला, “वडील आयसीयूत आहेत. मला झोप लागत नाही.” बाई उठल्या, कपाटातून एक बारीकसं पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

“आणि तू? कॉम्प्युटरवाली ना?”

मी मान हलवली.

लष्कर भागातल्या एका चर्चच्या आवारातलं हे वाचनालय. कमिटीने मला तिथल्या पुस्तकांची यादी करायला तीन महिन्यांसाठी नेमलं होतं. मी विश्रांतवाडीहून बसने जायचे. मी ख्रिस्ती नाही, आणि इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाचताना माझं बोट ओळीखाली लागतं. त्या निवृत्त मराठी शिक्षिका. सगळं आवार त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. तशी मी त्यांना फार वेळा हाक मारली असं नाही. “तू बोलतेस, की नुसती टाइप करतेस?” असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि त्याचंही उत्तर मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी बारकोडची स्टिकरं चिकटवायला घेतली. एका कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या पाठीतून रंगीत धागा ओवलेला होता, आणि त्यावर स्टिकर नीट बसेना. जुन्या खुणा असतील असं मला वाटलं. बाईंच्या खणातली कात्री घेतली आणि चाळीस पुस्तकांचे धागे कापून कचऱ्यात टाकले. यादीत चाळिसांपुढे एकच विषय लिहिला: तारण. काम छान उरकलं म्हणून मी खूशही होते.

तिसऱ्या दिवशी बाई त्या कपाटापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. एक पुस्तक काढलं, पाठीवरून अंगठा फिरवला, ठेवलं. दुसरं काढलं. मग खुर्चीत येऊन बसल्या.

“जुने झालेले धागे दर वर्षी मीच बदलते,” त्या म्हणाल्या. “या वेळीही मीच कापले असणार, आणि नवे ओवायचे विसरले असणार. आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी ती मलाच ‘आपण कोण?’ विचारायची.”

मी स्क्रीनकडे पाहत राहिले. तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? मीही स्वतःला हेच विचारते. एक वाक्य होतं. ते तोंडात तयारही होतं.

मग आम्ही धागे पुन्हा ओवायला बसलो. रोज दुपारी चहानंतर मी पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचायचे, अडखळत, आणि बाई रंग सांगायच्या. तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जागा मिळणं, एवढीच माझी समजूत होती. इथे तर प्रत्येकजण वेगळ्याच कशातून तरी सुटत होता. मरणाच्या भीतीतून सुटलेल्यांना पांढरा धागा. एका माणसाने पाणवठ्यावरून हाकललं गेल्याची हकिगत लिहिली होती, आणि देवासमोर पहिल्यांदा ताठ उभं राहिल्याची. त्याला काळा. एका परिचारिकेने दुखणं बरं न होताही आपण कशा बऱ्या झालो ते लिहिलं होतं. तिला हिरवा. अभंगाच्या चालीवर रचलेली पदं होती, त्यांत देव वाट पाहणारी आई होता. घराकडे परतणाऱ्यांना पिवळा.

“पण देव एकच ना? मग तारण इतक्या प्रकारचं कसं?” मी एकदा विचारलं. माझं तिथलं ते सर्वात लांब वाक्य असावं.

“डॉक्टर एकच असतो. म्हणून काय सगळ्यांना एकच गोळी देतो?” बाई म्हणाल्या. “वाच पुढे. अडलीस तो ‘श’ पोटफोड्या आहे की नाही ते घरी जाऊन ठरव.”

लाल धागा स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीचा. ती पुस्तकं सगळ्यात कंटाळवाणी असतील असं मला वाटलं होतं. तीच मी घरी नेऊ लागले.

“यातलं अवघड पान शेवटचं नसतं,” बाई म्हणाल्या. “क्षमा वगैरे पुढे सगळे छान लिहितात. माणूस तोंड उघडतो ना, ते पान बघ. तिथे लेखकाची भाषा एकदम साधी होते.”

चाळीसपैकी चाळीस रंग त्यांनी अचूक सांगितले. काही तर मी दोन ओळी वाचायच्या आत. एका पुस्तकाचं सदतिसावं पान फाटलंय, हेही त्यांच्या लक्षात होतं. शेवटी मी म्हणाले, “बाई, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.”

“हो का? मग धागे कुणी कापले? उंदरांनी कात्री आणली?”

त्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. मी सुईत धागा ओवत राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांनी कमिटीला पत्र दिलं. किल्ल्या परत केल्या. सेक्रेटरी, “अहो बाई, इतकी काय घाई?” म्हणाले, तर बाई म्हणाल्या, “मी कोण ते तुम्हाला विचारायची वेळ येण्याआधी गेलेलं बरं.” आणि मिरजेला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. स्वारगेटला सोडायला मी येते म्हटलं, तर “तुझी यादी संपव” म्हणाल्या.

यादी संपली. चाळीस पुस्तकांपुढचा तो एकच विषय खोडून मी तिथे पाच लिहिले. काल शेवटचा दिवस होता. दुपारी एक काकू आल्या. भाजीची पिशवी खुर्चीला टेकवून म्हणाल्या, “तारणावर काही आहे का गं?”

बाईंची खुर्ची रिकामी होती. विचारायला मीच होते.

“कशातून?”

काकूंनी पिशवीचे बंद सारखे केले. मग हळूच म्हणाल्या, “जाऊबाईंशी खोटं बोलले होते. फार वर्षं झाली. आता त्या अंथरुणावर आहेत.”

मी लाल धाग्याचं पुस्तक काढून दिलं. त्या तिथेच उभ्याने चाळू लागल्या. मी व्हरांड्यात गेले आणि मिरजेला फोन लावला. बराच वेळ वाजला.

“कोण? तू? काय, पुस्तक सापडत नाही?” बाईंनी विचारलं. “मला नको विचारूस गं, माझं आता काही खरं नाही.”

“बाई,” मी म्हणाले, “धागे मी कापले होते.”